बाथटब बदलताना आम्ही फसलो, तुम्ही आधी एवढं बघा

बाथरूमचं काम काढलं तेव्हा टब बदलायचा विचारच नव्हता आमचा. जुना टब बिडाचा (कास्ट आयर्नचा) होता, वरून पांढरं इनॅमल, आईच्या गुडघ्यांना त्यात गरम पाण्यात बसलं की बरं वाटायचं, बीड एकदा तापलं की पाणी लवकर गार होत नाही ना. कॉन्ट्रॅक्टरने तळाशी एक पोपडा उडालेली जागा दाखवली आणि म्हणाला हा आतून सडलाय, कधीही गळेल, आत्ताच काढा नाहीतर परत सगळं फोडावं लागेल. घाबरलो आणि हो म्हणालो. इनॅमल उडालेल्या टबला वरून नवीन कोटिंग करून घेता येतं हे तेव्हा कोणीच सांगितलं नाही, आणि "फुकटात उचलून नेतो" म्हणत तो जो टब घेऊन गेला त्या बिडाला भंगारात चांगला भाव येतो हेही खूप नंतर डोक्यात आलं.

मग त्यानेच एका दुकानात नेलं. तिथे मांडलेला टब खरंच छान होता, तळ दाबून बघितला तर जरासुद्धा दबला नाही, प्युअर ॲक्रिलिक आहे म्हणाले, १७०० बाय ७०० मिलिमीटर, आम्हाला हवा तोच साइज. बिलावर मात्र फक्त "बाथटब, पांढरा" आणि साइज. मॉडेल नंबर नाही, मटेरियल नाही, आणि मी ते बघून पण काही बोललो नाही ही माझी सगळ्यात मोठी चूक.

टब खोक्यात पॅक होऊन आला. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला आत्ता उघडू नका, ओरखडे पडतील, मी बसवताना उघडतो, आणि मी "माल सुस्थितीत मिळाला" वर सही करून मोकळा. दोन दिवसांनी मी कामावर असताना टब बसवला, संध्याकाळी येऊन बघतो तर पुढची बाजू विटा आणि टाइल्स लावून पूर्ण बंद.

तिसऱ्या महिन्यात आई म्हणाली, पाय ठेवला की खालून कर्र असा आवाज येतो. बघितलं तर ड्रेनभोवती केसासारख्या बारीक चिरा. त्यानंतर थोड्याच दिवसांत खालच्या मजल्यावरचे काका वर आले, त्यांच्या सिलिंगला ओल आली होती. पाइपपर्यंत हात घालायला झाकणच ठेवलं नव्हतं, त्यामुळे नवीन टाइल्स फोडल्या आणि आत जे दिसलं ते बघून खरंच रडू आलं. चार पायांपैकी दोन जमिनीला टेकलेलेच नव्हते, तळाखाली विटांचे तुकडे आणि थर्माकोल कोंबलेलं, तळाला आधाराची फळी नाही. टब उजव्या ड्रेनचा आणि आमचा पाइप डावीकडे, म्हणून टबाच्या पूर्ण लांबीभर एक वळणावळणाचा प्लास्टिकचा पाइप फिरवलेला, त्याला उतारच नाही, पाणी आत साचून राहायचं आणि जोडातून झिरपायचं. टबवरचा स्टिकर खरवडून काढलेला.

आणि ड्रेनच्या भोकाची कड! वर नखाएवढा पातळ पांढरा थर आणि खाली वेगळ्याच रंगाचं प्लास्टिक. दुसऱ्या प्लंबरने बघून सांगितलं, हा एबीएस नावाच्या प्लास्टिकचा टब आहे, वर नुसतं ॲक्रिलिकचं आवरण. असे टब बाजारात मिळतात, एबीएस म्हणून आणि त्या किमतीला विकले तर माझं काही म्हणणं नाही, पण पूर्ण ॲक्रिलिक सांगून तेवढे पैसे घेऊन हा देणं म्हणजे सरळ फसवणूक. खऱ्या ॲक्रिलिक टबात ॲक्रिलिकचा शीट तापवून साच्यात ओढतात आणि मागून फायबरग्लास आणि रेझिन चढवतात. ओढताना कोपऱ्यांत शीट पातळ होतो, म्हणून "५ एमएम आहे" असं कोणी म्हणालं तर ते शीटचं की तयार टबाचं हे विचारा, आणि टब उलटा करून आतून टॉर्च मारा, जिथून उजेड आरपार दिसतो तिथे थर कमी आहे. बीड किंवा इनॅमल केलेलं स्टील सांगत असतील तर चुंबक चिकटायलाच पाहिजे.

दुकानदार म्हणाला फिटिंग चुकलंय, वॉरंटी गेली. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला मालच खराब, दुकानाला विचारा. दोघं एकमेकांचे चांगले ओळखीचे, पण आमच्यासमोर एकमेकांकडे बोट. आम्हाला वाचवलं एका फोटोने, बहिणीने दुकानात सहज काढलेला, त्यात मांडलेल्या टबचा मॉडेल नंबर स्पष्ट दिसत होता. तो दाखवून लेखी तक्रार दिली तेव्हा कुठे टब बदलून मिळाला. फोडाफोड, टाइल्स, वॉटरप्रूफिंग, काकांचं सिलिंग, हे सगळं आमच्याच खिशातून.

यावेळी बिलावर मॉडेल, मटेरियल आणि ड्रेनची बाजू (टबासमोर बाहेर उभं राहून डावी की उजवी) लिहून घेतली, खोकं माझ्यासमोर उघडलं आणि मगच सही केली. दोन भिंतींमधलं अंतर तीन ठिकाणी मोजलं, कारण भिंती सरळ नसतात. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, वर माणसाचं वजन, म्हणून सगळे पाय टेकलेत का ते स्वतः वाकून बघितलं. पुढची बाजू बंद करायच्या आधी टब ओव्हरफ्लोपर्यंत (जादा पाणी जायला वर असलेल्या भोकापर्यंत) भरून रात्रभर ठेवला, सकाळी सोडला आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघितला. कडेचं सिलिकॉनसुद्धा टब भरलेला असताना लावलं आणि सुकेपर्यंत पाणी सोडलं नाही, नाहीतर वजनाने टब खाली बसतो आणि जोड उघडतो.

आई आता परत टबात बसते, आवाज नाही. काकांच्या सिलिंगवरचा डाग तेवढा रंगवून द्यायचा राहिलाय, ओल पूर्ण सुकल्याशिवाय रंग धरत नाही म्हणून थांबलोय.