थंडरबर्ड १४० : सॉफ्टवेअर चांगलंय, पण तारीख बघून टाका

पहिलेच सांगून टाकतो, ऑफिससाठी फुकटात मिळणारं मेल सॉफ्टवेअर म्हणाल तर माझं मत अजूनही थंडरबर्डलाच, आणि जुनं व्हर्जन धरून बसण्यापेक्षा नवीन टाकलेलं कधीही बरं. पण दहा ते वीस तारखेच्या मधे हे काम कोणी अंगावर घेत असेल तर त्याला कोपरापासून नमस्कार. आमचं लातूरला टॅक्सचं ऑफिस आहे, गिऱ्हाइकं म्हणजे आडत लाईन, दालमिल, दोन-चार खतावाले, आणि यांची खरेदी-विक्रीची बिलं येतात मेलवर. अकराला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), वीसला ३बी (कर भरायचं रिटर्न). त्या दिवसांत मेल बंद पडला तर शेटजी ऑफिसातच येऊन बसतात.

आमच्याकडं बऱ्याच मशीनवर थंडरबर्डचं ६८ व्हर्जन होतं, म्हणजे २०१९ चं. अपडेट बंद करून ठेवलेलं, कारण आपल्याकडं नियम एकच, चालतंय ना मग हात लावू नका. आता कोणी म्हणेल ब्राउझरमधे बघा की मेल, सॉफ्टवेअर कशाला पाहिजे. अहो पण नेट गेलं तरी पाच वर्षांपूर्वीची नोटीस सापडली पाहिजे, आणि चार गिऱ्हाइकांचे चार आयडी एकाच खिडकीत दिसले पाहिजेत, ते सुख ब्राउझरमधे नाही. तर ६८ वरून एकदम १४० वर उडी न मारता मधे ७८ आणि ११५ असे टप्पे घेत गेलो. खरी गंमत ७८ लाच झाली.

७८ टाकलं, उघडलं, सगळे जुने मेल जागेवर, जीमेलचा आयडी पण चालू, आणि आमचा स्वतःचा डोमेनवाला आयडी मात्र गपगार. गेट मेसेजेस दाबा, खाली पट्टी थोडी हलल्यासारखी करते आणि थांबते. पासवर्ड चुकला म्हणत नाही, सर्व्हर सापडेना म्हणत नाही, काहीच नाही. तिकडून दालमिलवाले फोनवर, "सर, बिलं पाठवलो की सकाळीच, बघा की." काय बघा, कप्पाळ!

कारण असं की ७८ पासून थंडरबर्डनं टीएलएस १.० आणि १.१ बंद करून टाकलं, कमीत कमी १.२ पाहिजे. टीएलएस म्हणजे तुमचा मेल आणि पासवर्ड तारेवरून जाताना त्याला जे कुलूप लागतं ते. १.० हे १९९९ चं, १.२ आलं २००८ ला, आणि मार्च २०२१ मधे तर १.० आणि १.१ अधिकृतपणे बाद ठरवले. आमच्या डोमेनचा मेल सांभाळणारी होस्टिंगवाली कंपनी (नाव घेत नाही, गावातल्याच माणसाच्या मार्फत घेतलेली आहे) अजून १.० वरच बसलेली. म्हणजे बिघाड सॉफ्टवेअरचा नाहीच, ते बरोबरच वागायलंय. फक्त त्यानं तसं तोंडानं सांगायला काय हरकत होती? टूल्समधे एरर कन्सोल उघडून बघितलं तेव्हा तिथं एक ओळ दिसली, तीच काय ती. साध्या माणसाला एरर कन्सोल कुठून माहीत असणार. यासाठी मी एक स्टार सरळ कापतो.

होस्टिंगवाल्याला फोन लावला. पहिलं उत्तर, "सर, तुम्ही जुनंच व्हर्जन टाका ना, काय फरक पडतंय?" आता हे तर होतच नाही. एकदा नव्या व्हर्जननं प्रोफाइल (म्हणजे तुमचे मेल, सेटिंग सगळं जिथं साठतं ते फोल्डर) उघडली की जुनं व्हर्जन तीच प्रोफाइल उघडायला नकार देतं, म्हणतं नवीन प्रोफाइल बनव नाहीतर बंद कर. हे सांगितलं तर दुसरा उपाय, कॉन्फिग एडिटरमधे जा आणि सिक्युरिटी डॉट टीएलएस डॉट व्हर्जन डॉट मिन ची व्हॅल्यू ३ ची १ करा (म्हणजे १.२ च्या ऐवजी १.० पण चालवून घ्या). हा उपाय तुम्हाला कुठंही विचारा, पहिला हाच सांगतात, आणि चालतो पण, एका मिनिटात धडाधड मेल यायला लागतात. आणि तिथंच माझं डोकं सरकतं. कारण ही सेटिंग एका आयडीपुरती नसते, त्या मशीनवरच्या सगळ्या खात्यांना लागू होते. एका सुस्त सर्व्हरच्या सोयीसाठी सगळ्या दारांच्या कड्या काढून ठेवायच्या म्हणजे. जीमेल स्वतःहून चांगलंच कुलूप लावतं ही गोष्ट वेगळी, पण खालची मर्यादा तर तुम्ही स्वतःच्या हातानं उतरवली ना. वर गिऱ्हाइकांचे पॅन नंबर, बँक स्टेटमेंट, सगळं त्याच वाटेनं जाणार. मी सेटिंगला हात लावला नाही, होस्टिंगवाल्याच्या मागं लागलो, त्यानं रडतखडत दुसऱ्या सर्व्हरवर खातं हलवलं. तोपर्यंत बिलं व्हॉट्सॲपवर घेतली, काय करता.

जीमेलचं वेगळंच नाटक असतं. गूगलनं ३० मे २०२२ पासून साध्या खात्यांसाठी नुसता पासवर्ड टाकून मेल घेणं बंद केलंय, त्यामुळं जुन्या मशीनवर जिथं नॉर्मल पासवर्ड निवडलेलं असतं तिथं तुम्ही पासवर्ड कितीही बरोबर टाका, चूकच म्हणतं. अकाउंट सेटिंगमधे ऑथेंटिकेशनला ओऑथ२ (म्हणजे पासवर्ड थंडरबर्डला न देता थेट गूगलकडं लॉगिन) करायचं, मग गूगलची खिडकी उघडते, तिथं लॉगिन केलं की झालं. पण हे येणाऱ्या मेलचं झालं. जाणाऱ्या मेलचा सर्व्हर अगदी यादीच्या तळाशी वेगळा असतो, तिथं पण तेच बदलावं लागतं, आणि निम्मे लोक इथंच अडकतात, मेल येतोय पण जाईना म्हणून. कुकीज बंद असतील तर ती गूगलची खिडकीच नीट चालत नाही, तेवढं बघून घ्या.

मेल गायब झाले असं वाटून घाम फुटायची अजून एक जागा आहे. ३२ बिटवालं काढून ६४ बिटवालं टाकलं की ते वेगळ्या फोल्डरमधे बसतं आणि स्वतःसाठी कोरी प्रोफाइल बनवू शकतं. उघडलं की एकदम स्वच्छ, एक मेल नाही, नवीन खातं जोडा म्हणतंय. गेलेलं काही नसतं, हेल्पमधे ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमधे जाऊन अबाउट प्रोफाइल्स उघडा, जुनी प्रोफाइल तिथं असते, तिला डीफॉल्ट करा. तरी पण अपग्रेडच्या आधी ॲपडेटामधलं रोमिंग आणि त्यातलं थंडरबर्ड फोल्डर अख्खं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्याच. १०२ पासून टूल्समधे एक्स्पोर्ट आलंय पण ते २ जीबीच्या पुढं हात वर करतं, आणि आमच्या एकेका मशीनची प्रोफाइल त्याच्या कितीतरी पुढं. कॉपी चालू असताना थंडरबर्ड बंद पाहिजे, आणि इन्व्हर्टर चार्ज आहे का ते बघा, आमच्याकडं लाईटचा काय भरवसा.

ते फोल्डर उघडलंच आहे तर आत लॉगिन्स डॉट जेसन आणि की४ डॉट डीबी अशा दोन फाइली दिसतील. तुमचे सेव्ह केलेले सगळे पासवर्ड त्या दोघींमधे आहेत. प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल (आणि आपोआप तो लागत नाही) तर ह्या दोन फाइली पेनड्राइव्हवर घेऊन गेलेला माणूस घरी बसून सगळे पासवर्ड वाचू शकतो. आपल्या ऑफिसात झेरॉक्सवाल्यापासून आर्टिकलशिपच्या पोरांपर्यंत किती पेनड्राइव्ह लागतात विचार करा. सेटिंगमधे प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन प्रायमरी पासवर्ड लावा, रोज सकाळी एकदा टाकावा लागतो, साहेब कुरकुर करतात, करू द्या.

आणि अपग्रेड म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नसतं बरं का. मेल कुलूपबंद करून पाठवायची ओपनपीजीपीची सोय आधी एनिग्मेल नावाच्या ॲडऑनमधून मिळायची, ती थंडरबर्डच्या पोटात आली ते ७८ लाच, आणि ७८.८.१ ते ७८.१०.१ मधे बाहेरून आणलेल्या गुप्त किल्ल्यांना (त्या कुलपाच्या) मास्टर पासवर्डचं, म्हणजे वरच्या प्रायमरी पासवर्डचंच, संरक्षण लागत नव्हतं, ते ७८.१०.२ मधे नीट केलं. थंडरबर्डवाल्यांनी स्वतः जाहीर केलं, लपवलं नाही, हे मला आवडलं.

अँटिव्हायरसबद्दल थोडंच. थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमधे ठेवतं, त्यात एक व्हायरसवाला मेल आला आणि अँटिव्हायरसनं ती फाइलच उचलून नेली तर अख्खा इनबॉक्स जातो. प्रोफाइल फोल्डर स्कॅनमधून वगळा.

दिसायला १४० छान आहे, पण जुन्या लोकांना ते कार्ड व्ह्यू (एकेक मेल दोन-तीन ओळींच्या चौकटीत) पचत नाही, टेबल व्ह्यू (एका ओळीत एक मेल) करून द्या म्हणजे शांत होतात. जुने ॲडऑन (वरून जोडायच्या सोयी) तर ७८ लाच गेले, त्याचं दुःख करू नका. डाऊनलोड करताना मात्र ईएसआरच (वर्षातून एकदाच मोठा बदल होणारं व्हर्जन) घ्या, कारण मार्च २०२५ पासून ते समोर जे देतात ते दर महिन्याला बदलणारं व्हर्जन आहे, ऑफिसला ते झेपत नाही. नवीन आउटलुक पण बघितलं होतं, पण त्यात दुसऱ्या कंपनीचा आयमॅप आयडी (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) जोडला की मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर सिंक होतात, ते साहेबांना पटलं नाही आणि मलाही.

पुढच्या टेबलावर विंडोज ७ वालं एक मशीन आहे, त्यावर ११५ च्या पुढं काही चढत नाही. तिथले आयडी काढून टाकले, आता त्यावर नुसत्या प्रिंटा निघतात. चार स्टार.