अनिता ब्लेक की केट डॅनियल्स? आणि अनिता, तर कुठपर्यंत?

भाचीचा फोन आला. "मावशी, अनिता ब्लेक वाचायला घेऊ का? निम्मे लोक म्हणतात जबरदस्त आहे, निम्मे म्हणतात हातसुद्धा लावू नकोस. की सरळ केट डॅनियल्स घेऊ?" भुताखेतांची शिकार करणाऱ्या नायिकांच्या या दोन्ही इंग्रजी मालिका मी वाचल्या आहेत. एक चवीनं वाचली, दुसरी आधी चवीनं आणि मग निव्वळ हट्टानं. म्हणून तिला जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहिते.

आधी अनिताबद्दल. नाव ऐकून शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकू आठवतात हे खरं, पण ही अमेरिकेतल्या सेंट लुइसची. आई मेक्सिकन वंशाची, ती अनिताच्या लहानपणीच गेली. चणीनं बुटकी, जिभेनं तिखट, कॉफीशिवाय माणसात न येणारी आणि घरी खेळण्यातले पेंग्विन जमवणारी. लॉरेल के. हॅमिल्टन यांनी तिचं पहिलं पुस्तक, 'गिल्टी प्लेझर्स', १९९३ मध्ये आणलं. व्हॅम्पायरना ठार मारणारी बफी टीव्हीच्या पडद्यावर यायला तेव्हा अजून चार वर्षं होती. आज या प्रकारच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर लेदर जॅकेट घालून पाठमोरी उभी असलेली बाई दिसते ना, तिची ही थोरली बहीण.

वाचकांची मतं इतकी दुभंगलेली का, याचं उत्तर सोपं आहे. ते वेगवेगळ्या पुस्तकांबद्दल बोलत असतात. पहिल्या नऊ पुस्तकांवर जीव टाकणारे आणि दहाव्यापासून वैतागलेले, हे बऱ्याचदा तेच वाचक असतात. त्यामुळे कुणी "अनिता ब्लेक भिकार आहे" किंवा "अनिता ब्लेकला तोड नाही" म्हणालं, की आधी विचारावं: कितव्या पुस्तकाची?

पहिल्या नऊमध्ये काय आहे ते सांगते, कारण खरा ऐवज तिथेच आहे.

या जगात व्हॅम्पायर लपून राहत नाहीत. न्यायालयाच्या निकालानं त्यांना नागरिकत्व मिळालंय. त्यांचे क्लब आहेत, धंदे आहेत, एक चर्चही आहे, जिथे मोक्षाऐवजी थेट अमरत्वच मिळतं. साहजिकच व्हॅम्पायरला मारणं हा आता खून ठरतो. मारायचंच असेल तर सरकारी हुकूम लागतो आणि तो अंमलात आणणारी परवानाधारक बाई म्हणजे अनिता. व्हॅम्पायर तिला 'एक्झिक्यूशनर' म्हणतात. गंमत म्हणजे हा तिचा जोडधंदा. पोटापाण्याची नोकरी आहे मढी उठवण्याची. मृत्युपत्रावरून भांडणं लागली, खरं कुठलं आणि खोटं कुठलं कळेना, की रात्री कबरीपाशी कोंबडी कापून मेलेल्यालाच उठवून विचारायचं. मेलेला जितका जुना तितका बळी मोठा. दुसऱ्या पुस्तकात, 'द लाफिंग कॉर्प्स'मध्ये, एक धनदांडगा जवळपास तीनशे वर्षांपूर्वीचं प्रेत उठवायला दहा लाख डॉलर देऊ करतो. त्यासाठी लागते 'पांढरी शेळी'. शेळी म्हणजे काय हे अनिताला कळतं तेव्हा आपल्यालाही कळतं: माणूस. नारायण धारपांच्या भयकथांवर वाढलेल्या वाचकाला हा प्रसंग फार ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की धारपांच्या समर्थांकडे साधनेचं बळ असतं आणि अनिताकडे ब्राउनिंग पिस्तूल, एक क्रॉस आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात द्यायचा हिशोब.

या पुस्तकांचा सांगाडा पोलिसी रहस्यकथेचा आहे. प्रेत सापडतं, सार्जंट डॉल्फ फोन करतो, अनिता जागेवर जाते, जखमा पाहते, कुठल्या जातीच्या प्राण्याचं काम आहे ते सांगते. वाक्यं छोटी, विनोद कोरडा. आणि एडवर्ड! भाड्यानं खून करणारा हा थंड डोळ्यांचा माणूस तिचा मित्र आहे की पुढेमागे तिचा मारेकरी, हे तिलाही धड ठाऊक नाही. वाचकांमध्ये एडवर्डविषयी जवळजवळ एकमत आहे, जे या मालिकेत दुसऱ्या कशाविषयीही नाही. नववं पुस्तक, २००० सालचं 'ऑब्सिडियन बटरफ्लाय', त्याचंच म्हणायला हवं. अनिता त्याचं देणं फेडायला न्यू मेक्सिकोत जाते, तिथे माणसांची कातडी सोलली जातेय, आणि हा एडवर्ड तिथे खोट्या नावानं एका विधवेशी लग्न करायला निघालाय. तिच्या दोन मुलांसकट! प्रेमपात्रांचा गोतावळा मागे सेंट लुइसला राहिल्यामुळे पुस्तक कसं मोकळा श्वास घेतं. बऱ्याच जुन्या वाचकांचं हेच सगळ्यात लाडकं, आणि मीही त्यांच्यातच.

मग २००१ चं 'नार्सिसस इन चेन्स' येतं आणि मालिकेचा रूळ बदलतो. अनिताच्या अंगात एक शक्ती येते, जिची भूक शरीरसंबंधानंच भागते, तीही वेळीअवेळी. इथून पुढे प्रेमपात्रं वाढत जातात, अनिताच्या शक्तीही वाढत जातात आणि तपास मागे पडतो. वाचकांची सगळ्यात मोठी तक्रार हीच: पहिल्या प्रकरणात प्रेत, शेवटच्या तीसेक पानांत खुनी आणि मधे कोण कुणावर रुसलंय याच्या बैठका. दुसरी तक्रार गंभीर आहे. भूक लादलेली असेल, तर संमती कुणाची आणि कसली? हा प्रश्न पुस्तकं पुरेशा प्रामाणिकपणे हाताळत नाहीत असं अनेकींना वाटतं, मलाही वाटतं. तिसरी रिचर्डची. शाळेत विज्ञान शिकवणारा, लांडगा होणारा, साधंसुधं आयुष्य हवं असलेला हा मास्तर आधी नायकाच्या तोलाचा होता. पुढे लेखिकेनं त्याची अशी काही गत केली की त्याच्या चाहत्यांनी पुस्तकं मिटून ठेवली.

पण दुसरी बाजूही ऐकायला हवी. पुढची पुस्तकं आवडणारे वाचक थोडेथोडके नाहीत, नाहीतर २०२३ च्या 'स्ले'पर्यंत तीस पुस्तकं निघाली नसती. त्यांचं म्हणणं असं: सुरुवातीची अनिता स्वतःच्या इच्छांना घाबरणारी, दुसऱ्यांना पटकन जोखणारी होती, पुढची अनिता ते ओझं टाकते. अनेक जोडीदारांचं, एकमेकांना सांभाळून घेणारं घर त्या काळात इतर कुणी इतक्या मोकळेपणी दाखवत नव्हतं. नथॅनिएलसारखा लहानपणापासून छळ सोसलेला मुलगा हळूहळू स्वतःच्या पायावर उभा राहतो ते काहींना फार भिडतं. हे मला मान्य आहे. माझं भांडण विषयाशी नाहीच, पसाऱ्याशी आहे. हॅमिल्टनबाईंनी मात्र नाराज वाचकांना एकदा जाहीर उत्तर दिलं होतं. आवडत नसेल तर वाचू नका, असा त्याचा मथितार्थ. रोखठोक आहे, आणि खरं सांगायचं तर सल्ला म्हणूनही बरा आहे.

आता केट.

केट डॅनियल्सची पुस्तकं इलोना अँड्र्यूज या नावानं येतात, पण ते नाव नवरा-बायकोच्या जोडीचं आहे, इलोना आणि गॉर्डन. 'मॅजिक बाइट्स' २००७ मध्ये आलं आणि मुख्य कथा दहा पुस्तकांत, २०१८ च्या 'मॅजिक ट्रायम्फ्स'ला संपली. नंतर फांद्या फुटल्या आहेत, पण खोड पूर्ण आहे. निवड करणाऱ्याला हा मुद्दा छोटा वाटू नये. मालिका संपते हे माहीत असलं की वाचायचा जीव होतो.

केटचं अटलांटा, हेही अमेरिकेतलंच शहर, समजायला महाराष्ट्रातल्या माणसाला दोन मिनिटं पुरतील: भारनियमन! जादूच्या लाटा येतात आणि जातात. लाट आली की वीज गेली, फोन गेले, मोटारी जागच्या जागी थंड, बंदुका नुसत्या लोखंडाच्या. लाट ओसरली की दिवे लागले आणि मंत्र निकामी. वेळापत्रक मात्र कुणाकडेच नाही. म्हणून केट तलवार बाळगते, ती दोन्ही वेळी चालते. जादूनं उंच इमारती कुरतडून पाडल्या आहेत आणि जादूच्या वेळी चालणाऱ्या गाड्या पाव तास मंत्र म्हटल्याशिवाय सुरू होत नाहीत. थंडीत न लागणाऱ्या जुन्या स्कूटरची आठवण यावी अशा.

दोघींच्या व्हॅम्पायरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बहुतेकांनी निवड इथेच करावी. अनिताचे व्हॅम्पायर देखणे, बोलके, शतकानुशतकं डावपेच करत आलेले. जाँ-क्लोद रेशमी सदऱ्यात येऊन फ्रेंच ढंगात गोड बोलतो, आणि तो खरंच प्रेमात आहे की राजकारण करतोय हे आठ पुस्तकं कळत नाही. केटचे व्हॅम्पायर म्हणजे एका रोगानं मन पुसून टाकलेली हाडकुळी, टकली, अखंड भुकेली शरीरं. त्यांच्या डोक्यात लांब कुठेतरी खुर्चीत बसलेला माणूस शिरतो आणि त्यांना चालवतो. त्यांच्या तोंडून बोलतोसुद्धा. चालवणाऱ्याची पकड सुटली की समोर येईल त्याच्या चिंधड्या. रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये आपल्या वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना वेताळाला 'व्हॅम्पायर' म्हटलं. ते भाषांतर कधीच पटत नव्हतं, कारण आपला वेताळ रक्त पीत बसत नाही, तो परक्या प्रेतात शिरून बोलतो. केटचे व्हॅम्पायर वाचताना वाटलं, बर्टनचा शब्द आत्ता कुठे जागी बसला.

म्हणजे व्हॅम्पायरच्या प्रेमात पडायचं असेल, तर केटकडे जाऊ नका. तिच्या प्रेमकथेतला नायक करन आहे, सिंहाचं रूप घेणारा, रूप बदलणाऱ्यांच्या टोळीचा राजा. दोघं पुस्तकामागून पुस्तक भांडतात. ही भांडणं वाचकांना फार आवडतात, फक्त सहाव्या, 'मॅजिक राइझेस'मध्ये काळ्या समुद्राकाठी अबखाझियात तो ज्या तऱ्हेनं वागतो त्यावर अजून वाद होतात. मला स्वतःला तो तिथे एक सणसणीत थोबाडीत खाण्याच्या लायकीचा वाटला. पण एकच माणूस, आणि नातं पायरीपायरीनं चढत जाणारं. अनिताच्या वाटेवर दमलेले वाचक केटकडे येऊन सुस्कारा सोडतात तो यासाठी.

आपल्याकडच्या वाचकासाठी एक वेगळी खूण. तिसऱ्या पुस्तकात, 'मॅजिक स्ट्राइक्स'मध्ये, राक्षस येतात. आपलेच, पुराणातले. विमानही येतं. जगभरची दैवतं आणि भुतं या मालिकेत हजेरी लावतात, त्यात आपली पाळी तिथे. थोडी गंमत वाटते, थोडं खटकतं, कारण आखाड्यातल्या मारामारीसाठी आणलेल्या राक्षसांत आपल्याला माहीत असलेल्यांची खोली कुठून असणार? त्याच पुस्तकात दाली भेटते, इंडोनेशियाची. पांढरी वाघीण होणारी, पण शाकाहारी, जवळजवळ आंधळी आणि तरीही वेडीपिशी गाडी हाकणारी. तिच्यासाठी मी राक्षसांना माफ केलं.

केटचा दोष कुठला? पहिलं पुस्तक कच्चं आहे. जग अंगावर ओतलं जातं, कोण कुणाच्या बाजूचा ते कळत नाही, केट उगाचच सगळ्यांशी उद्धट. तिचे चाहतेच नवख्याला सांगतात की तिसऱ्यापर्यंत धीर धर. अनिताचं नेमकं उलट: पहिल्याच पुस्तकात तुमची मानगूट धरली जाते. बालिकेसारख्या दिसणाऱ्या हजार वर्षांच्या व्हॅम्पायरचा, निकोलाओसचा, तो दरबार आठवला की अजून अंगावर काटा येतो. भीती हवी असेल तर सुरुवातीची अनिताच. केटमध्ये थरार आहे, हसू आहे, ज्युलीसारख्या रस्त्यावरच्या पोरीला घरात घेण्याची माया आहे, पण रात्री दिवा चालू ठेवून झोपावं असं मला एकदाही वाटलं नाही.

"मग ती सूकी?" असं भाची मधेच म्हणाली. शार्लेन हॅरिस यांची लुइझियानातली मनकवडी वेट्रेस, तेरा पुस्तकं, २००१ ते २०१३, 'ट्रू ब्लड' ही टीव्ही मालिका तिच्यावरूनच. हलकी, चटपटीत. ती शेवटी कुणाची होते यावरून वाचक भयंकर चिडले होते. पण ती शिकारी नाही, म्हणून या तुलनेत तिला बाकावरच बसवते.

वयाचं स्पष्ट बोलते. दोन्ही मालिका मोठ्यांच्या आहेत. केटमध्ये रक्तपात भरपूर, शृंगार मोजका आणि उशिरा. अनिताची पहिली पाच पुस्तकंही तशीच, त्यात अनिता ब्रह्मचर्याचं व्रत घेतल्यासारखी वागते. दहाव्यापासून मात्र पानंच्या पानं शयनगृहात जातात. आठवी-नववीतल्या मुलीला पहिलं पुस्तक देऊन "पुढची तूच मागव" म्हणू नका.

भाचीला तपासकथा आवडतात, भिण्याची हौस आहे आणि अर्धवट सोडलेली मालिका तिच्या डोक्यात टोचत राहते. पहिल्या दोन गोष्टी अनिताकडे ओढतात, तिसरी केटकडे. मी म्हटलं, 'गिल्टी प्लेझर्स'नं सुरुवात कर, 'ऑब्सिडियन बटरफ्लाय'पाशी थांब. ते पुस्तक सेंट लुइसबाहेर घडत असल्यामुळे तिथे थांबलं तरी फार लोंबकळल्यासारखं वाटत नाही. मग केटची दहा सलग वाच, पहिल्यावर वैतागू नकोस. इंग्रजी दोन्हींचं सोपं आहे, गोष्ट दोघी स्वतःच्याच तोंडानं सांगतात, त्यामुळे शब्दकोश लागत नाही.

"आणि दहावं वाचावंसं वाटलं तर?" तिनं विचारलं.

तर माझंच घेऊन जा म्हटलं, विकत घेऊ नकोस. कपाटात खालच्या खणात आहे, एकशे वीसाव्या पानावर खूण अजून तशीच.