पातळ विष्ठेचे खरे कारण शोधून देणारी नाशिकची पशुरोगनिदान प्रयोगशाळा

सिन्नर तालुक्यात आमचा अंड्यांच्या कोंबड्यांचा व्यवसाय आहे. गेल्या पावसाळ्यात एका शेडमधील पक्षी 24 आठवड्यांचे होऊनही उत्पादनाचा टक्का चढेना, पिंजऱ्यांखाली गुळाच्या पाकाच्या रंगाची फेसाळ, पातळ विष्ठा साचू लागली आणि 30 अंड्यांच्या ट्रेमध्ये चार-पाच अंडी विष्ठेने माखलेली निघू लागली. अशी अंडी व्यापारी बाजूला काढतो आणि सगळ्या गाडीचाच भाव पाडतो. औषधाच्या दुकानात लक्षणे ऐकून कॉक्सीचे, म्हणजे आतड्यातील परजीवीमुळे होणाऱ्या हगवणीचे, औषध देण्यात आले. ते दोनदा पाजले, दोन्ही वेळा पैसे गेले आणि विष्ठा होती तशीच राहिली. त्यानंतर आमच्या पशुवैद्यांनी नाशिक शहरातील एका खाजगी पशुरोगनिदान प्रयोगशाळेकडे पाठवले. तेथील सेवेचा अनुभव सिन्नर, दिंडोरी, निफाड भागातील पोल्ट्रीवाल्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

नमुना कसा आणायचा हे त्यांनी फोनवरच नीट समजावून सांगितले, आणि पुढचे सगळे त्यावरच अवलंबून होते. पहाटे पडलेली ताजी विष्ठा, तीही शक्यतो सीकमची (आतड्याच्या शेवटाकडील आंधळ्या पिशवीची), म्हणजे फेसाळ आणि चिकट अशी, घट्ट झाकणाच्या डबीत काठोकाठ भरायची. ती वाळू द्यायची नाही, फ्रीजरमध्येही ठेवायची नाही आणि दोन-तीन तासांत पोहोचवायची. हे जंतू हवेतील प्राणवायूत नीट वाढत नाहीत आणि नमुना वाळला की मरतात, म्हणून एवढी काळजी घ्यावी लागते.

तेथील डॉक्टरबाईंनी माझ्यासमोरच काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला, त्यात काडीच्या टोकावर येईल एवढी विष्ठा मिसळली, वर पातळ काच ठेवली आणि डार्क फील्डच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काळ्याभोर पार्श्वभूमीवर चांदीच्या तारेचे बारीक तुकडे मळसूत्रासारखे फिरत इकडून तिकडे जाताना पडद्यावर स्पष्ट दिसत होते. ‘दादा, हे बघा, कॉक्सीचं एकही अंडं नाही, हे सगळे स्पायरोकीट, म्हणजे मळसूत्री आकाराचे जिवाणू आहेत,’ असे त्या म्हणाल्या. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि उपदंश या रोगांचे जंतूही याच मोठ्या कुळातले, मात्र आतड्यात राहणाऱ्या या गटाचे नाव ब्रॅकिस्पायरा, असेही त्यांनी सांगितले.

मला सर्वांत मोलाची वाटली ती यापुढची गोष्ट. स्पायरोकीट दिसले म्हणून त्यांनी लगेच रोगाचा शिक्का मारला नाही. कोंबड्यांत पिलोसिकोली, इंटरमीडिया आणि अल्व्हिनिपुली या जाती त्रास देतात, पण इनोसेन्ससारख्या निरुपद्रवी जातीही आतड्यात असू शकतात आणि नुसत्या नजरेने त्यांतला फरक कळत नाही, असे सांगून त्यांनी नमुना पीसीआरसाठी, म्हणजे जंतूच्या डीएनएवरून जात ओळखणाऱ्या चाचणीसाठी, बाहेरगावी पाठवला. नऊ दिवसांनी आलेल्या अहवालात पिलोसिकोली निघाला. हा जंतू एका टोकाने आतड्याच्या पेशींना चिकटतो आणि असंख्य जंतू शेजारी-शेजारी उभे राहिले की पेशींवर ब्रशच्या केसांसारखा थर तयार होतो. याचे छायाचित्र दाखवल्यावर पाण्याचे शोषण का बिघडते, हे माझ्यासारख्या दहावी शिकलेल्या माणसालाही कळले. डुकरांमध्ये रक्ती हगवण लावणारा हायोडिसेन्टेरी हा याच गटातला. त्या रोगाचे वर्णन अमेरिकेत 1921 मध्येच झाले होते, पण जंतूची ओळख पटायला 1970 चे दशक उजाडावे लागले.

ही प्रयोगशाळा औषध विकत नाही, आणि माझ्या मते तिच्यावर विश्वास ठेवण्याचे ते एक मोठे कारण आहे. आमच्या पशुवैद्यांनी टायम्युलिन हे प्रतिजैविक द्यायचे ठरवले, तेव्हा डॉक्टरबाईंनी स्वतः फोन करून खाद्यात सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन किंवा नॅरॅसिन यांपैकी कॉक्सी रोखणारे औषध आहे का, हे विचारले. आमच्याकडे ग्रोअरच्या, म्हणजे अंडी सुरू होण्याआधीच्या वाढीच्या, काळातील सॅलिनोमायसिन मिसळलेली काही पोती शिल्लक होती आणि गडी ती संपवण्याच्या विचारात होता. टायम्युलिन आणि सॅलिनोमायसिन एकत्र गेले तर पक्ष्यांचे पाय लुळे पडतात, ते मरतातही. त्या एका फोनमुळे माझा लॉट वाचला.

पिलोसिकोली माणसांच्या आतड्यातही सापडतो. शेडवर राहणाऱ्या कामगाराच्या मुलाला वरचेवर जुलाब होत असल्याने मी त्याबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी माणसाचा नमुना घेण्यास साफ नकार दिला आणि पोटविकारतज्ज्ञांकडे जाण्यास सांगितले, हे योग्यच झाले. माणसांत हे निदान बहुधा मोठ्या आतड्याचा तुकडा तपासून होते. पेशींच्या कडेला निळसर झालर दिसते. 1982 मध्ये डेन्मार्कमध्ये वर्णन झालेली आल्बोर्गी ही याच गटातली जातही माणसांत आढळते. मात्र अनेकांच्या पोटात हे जंतू कोणताही त्रास न देता असतात, त्यामुळे औषध द्यायचे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे लागते. आम्ही शेडच्या दाराशी साबण ठेवला आणि पिण्याच्या पाण्याची टाकी झाकली.

उणिवाही आहेत. जंतू वाढवून कोणते औषध लागू पडेल हे पाहण्याची सोय तेथे नाही, अहवाल पूर्ण इंग्रजीत मिळतो आणि रविवारी प्रयोगशाळा बंद असते. शनिवारी रात्री शेड बिघडले तर सोमवारपर्यंत थांबावे लागते. सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीचे 350 रुपये वाजवी वाटले, पीसीआर मात्र लहान पोल्ट्रीवाल्याला जड जाईल, तेव्हा दोघा-तिघांनी आधी बोलून घ्यावे. शहरातील सकाळच्या गर्दीत नमुना अडकू नये म्हणून आम्ही पहाटे साडेपाचलाच निघतो. उपचारानंतर तीन आठवड्यांनी फेरतपासणीसाठी नेलेल्या डबीत एकही फिरणारी तार दिसली नाही, आणि ट्रेमध्ये आता एखादेच अंडे पुसावे लागते.