ब्लूबर्डची पेटी आणि चिमणीचं बुजगावणं: पाचपैकी चार तारे

ब्लूबर्ड म्हणजे इथला एक छोटा निळा पक्षी. त्याने घरटं करावं म्हणून न्यू जर्सीतल्या आमच्या मागच्या अंगणासाठी मार्चमध्ये हा सेट ऑनलाइन मागवला. सीडरच्या लाकडाची पेटी, लोखंडी खांब, रॅकून आणि साप वर चढू नयेत म्हणून खांबात अडकवायचं पत्र्याचं नळकांडं, आणि छपरावर बसवायचं 'स्पूकर', म्हणजे चक्क बुजगावणं. सगळं मिळून 62 डॉलर.

मागवायचं कारण गेल्या मे महिन्यातलं. तेव्हाची पेटी जवळच्या एका दुकानातून आणलेली, दिसायला गोड, भोकाखाली बसायला दांडीसुद्धा. ब्लूबर्डला त्या दांडीची गरजच नसते. ती चिमण्यांच्या पथ्यावर पडते, हे मला नंतर कळलं. एक दिवस दार उघडलं तर मादी अंड्यांवरच मरून पडलेली, डोकं टोचून रक्ताळलेलं. आणि तिच्या अंगावर चिमण्यांनी गवत, पिसं, चिप्सच्या पाकिटाचा तुकडा टाकून आपलं घरटं सुरूही केलेलं.

साताऱ्याहून आलेल्या आईला हे पटेना. "अगं, चिमणीला का हुसकावतीस? आपल्याकडं दिसत नाहीत म्हणून लोक घरटी टांगतायत!" खरंय. पण इथे त्या मुळातल्या नाहीत. 1851 च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये आणून सोडल्या आणि खंडभर पसरल्या. 1890 मध्ये सेंट्रल पार्कात सोडलेले साठेक स्टार्लिंगही तसेच. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्याच कुळातला, तितकाच भांडकुदळ.

आता पेटीबद्दल. भोक बरोबर दीड इंचाचं आहे, मी पट्टी लावून मोजलं. त्यातून स्टार्लिंग शिरत नाही. चिमणी मात्र आरामात शिरते, त्यामुळे खोक्यावरचं 'शंभर टक्के चिमणी-प्रूफ' ही निव्वळ थाप. खरं काम बुजगावणंच करतं: छपराच्या वर आडवी काठी आणि तिला लोंबणाऱ्या चमकीच्या पट्ट्या. वाऱ्यावर त्या सळसळल्या की चिमणा बिचकतो. एक तर कुंपणावर बसून दहा मिनिटं मान वाकडी करकरून बघत होता, मग चरफडत गेला.

फक्त ते कधी लावायचं, यातच सगळी मेख आहे. सोबतच्या पत्रकात 'पेटीसोबत लगेच बसवा' असं छापलंय. साफ चूक! सुरुवातीलाच लावलं तर ब्लूबर्डही फिरकत नाही. पहिलं अंडं पडलं की लावायचं. तोवर तिचा जीव घरट्यात अडकलेला असतो, ती पट्ट्यांना जुमानत नाही. मी 19 एप्रिलला सकाळी ते निळं अंडं बघितलं आणि दुपारी काठी बसवली. मादी दोनदा घिरट्या घालून परत गेली, तेव्हा माझा जीव टांगणीला. तिसऱ्या खेपेला थेट आत.

पट्ट्या लांबच लांब येतात, भोकासमोर लोंबतात. छपराला जेमतेम टेकतील एवढ्या कापून घ्या. दाराची कडीही फार घट्ट आहे, आणि पेटी आठवड्यातून एकदा तरी उघडून बघावी लागते, त्यामुळे हा ताप नको होता. मी कडी काढून साधा खिळा घातला. पिल्लं बारा-तेरा दिवसांची झाली की मात्र उघडू नका, वेळेआधीच बाहेर उडी मारतात.

अंडी पडायच्या आधी चिमण्यांनी दोनदा गवत भरलं होतं, ते मी काढून टाकलं. चिमणी आणि स्टार्लिंगला इथल्या कायद्याचं संरक्षण नाही, म्हणून हे चालतं. बाकी बहुतेक सगळ्या पक्ष्यांच्या वापरातल्या घरट्याला हात लावायचा नाही, अगदी दुसऱ्यांची अंडी फोडणाऱ्या रेन नावाच्या चिमुकल्या पक्ष्याच्याही.

एक तारा कापला तो त्या पत्रकापायी. पाचपैकी चार पिल्लं उडाली. शेवटचं दाराशी अर्धा तास अडून बसलं होतं आणि आई खिडकीतून त्याला "ये की रं" म्हणत होती. पट्ट्या त्याच संध्याकाळी उतरवल्या, कारण कायम ठेवल्या तर चिमण्या सरावतात. गॅरेजमध्ये खिळ्याला टांगल्यात. नर-मादी परत पेटीवर घुटमळतायत.