साडेचार हजारांची केबल आणि माळ्यावरची पिवळी वायर: आठ महिन्यांनंतर

दिवाळीत एमजी रोडवरच्या एका दुकानातून सीडी प्लेअर आणि डॅकच्या (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी पेटी) मध्ये लावायला साडेचार हजारांची कोॲक्सियल केबल आणली. जाडजूड, विणलेलं आवरण, सोनेरी पिना. पहिल्या रात्री आवाज खुलल्यासारखा वाटला, खोटं कशाला बोलू.

मार्चमध्ये माळा आवरताना जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी वायर सापडली, लाल-पांढऱ्याच्या जोडीला चित्रासाठी यायची तीच. ती 75 ओहमची असते, आणि डिजिटल कोॲक्सियललाही तेवढेच लागतात. मुलीला म्हटलं, मी पाठ करून बसतो, तू वायरी बदल. तानपुऱ्याने सुरू होणारी तोडी लावली. वीसपैकी अकरा वेळा बरोबर ओळखली. त्यात एकदा "हां, ही भारी!" म्हणालो, तेव्हा पठ्ठीने काहीच बदललं नव्हतं, नुसती खुडबुड केली होती.

तरी मन मानेना. सातपूरला मावसभाऊ रेकॉर्डिंगचं काम करतो, त्याच्या इंटरफेसमध्ये (आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायची पेटी) दोन्ही वायरींतून तोच ट्रॅक घेतला, एक उलटा करून दुसऱ्यात मिसळला. दोन्ही सारखे असतील तर एकमेकांना खोडतात आणि शांतता उरते. मीटर तळालाच. सीडीचे सेकंदाला 14 लाख 11 हजार 200 बिट, म्हणजे 5 मिनिटांत 42 कोटींच्या वर, आणि एकाचाही फरक नाही. जिटरचं, म्हणजे बिट येण्याच्या वेळेतल्या बारीक डगमगीचं म्हणाल, तर डॅकला वेळेचं घड्याळ त्याच सिग्नलमधून काढायचं असतं, त्यामुळे मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण बरा डॅक ते स्वतःच सावरून घेतो.

मग वायरीने काहीच होत नाही का? होतं. कॉम्प्युटर यूएसबीने डॅकला जोडला की स्पीकरमधून बारीक घुंईऽऽ यायची, गाणं बंद असतानाही. दुकानदाराने महागडी यूएसबी केबल दोन दिवस वापरायला दिली. घुंई तश्शीच. हा अर्थिंगचा घोळ: कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर दोन्ही तीन पिनवर, मध्ये तांब्याची तार, झाला लूप पूर्ण. साडेतीनशेची ऑप्टिकल केबल लावली आणि आवाज गेला, कारण तिच्यातून वीज जातच नाही, नुसता लाल उजेड जातो. (पहिल्या दिवशी अर्धा तास काहीच वाजेना. टोकावरचं पारदर्शक टोपण काढायचं राहिलं होतं.)

जूनमध्ये शोकेस भिंतीला सरकवलं, ऑप्टिकल मुडपली आणि गाण्यात टक्-टक् सुरू झालं, मधेच शांतता. डिजिटल केबल बिघडते ती अशी. तिच्यामुळे तबल्याची चाट मंद झाली, असं होत नाही. नवीन आणली, आता वळण मोठं ठेवलंय.

सीडी प्लेअरला पिवळी वायरच आहे. साडेचार हजारवाली दुकानदार परत घेईना, म्हणून सेट-टॉप बॉक्सला लावली. आईच्या मालिका सध्या सोनेरी पिनांतून ऐकू येतात.