मडगावचा कॉफीवाला, चिकोरी विचारून घालणारा

५ पैकी ४ स्टार. एक कापलाय तो पुडीसाठी, ते पुढे सांगते.

बोर्ड पावसाने इतका धुतलाय की नाव वाचताच येत नाही. न्यू मार्केटात शिरून कुणालाही 'कॉफीवालो खंय?' विचारा नाहीतर सरळ वासावर जा. एक जुनी दळायची मशीन, दोन डबे बियांचे, एक चिकोरीचा (कॉफीत मिसळायची पूड), काउंटरवर सत्तर वर्षांचे एक बाब, म्हणजे आजोबाच. बसायला जागा नाही, इथे कॉफी प्यायला मिळत नाही, फक्त पावडर. आम्ही फोंड्याचे, पण मुलगी मडगावला असते म्हणून महिन्यातून एक फेरी होतेच.

आता मी चहावाली बाई इथे कशी पोचले ते. मागच्या वर्षी फायब्रोस्कॅन केला (लिव्हर किती घट्ट झालंय ते मोजणारी तपासणी), आकडा आला ९.४, फॅटी लिव्हर तर होतंच पण आता ते थोडं घट्टही व्हायला लागलंय म्हणाले. आणि गोव्यात तुम्ही नुसतं लिव्हर म्हणा, समोरचा आधी अंगठ्याने ग्लासाची खूण करतो! अहो मी आयुष्यात फेणीचा वाससुद्धा नाकाला लावला नाही, मला शुगर बॉर्डरवर आणि कमरेभोवती टायर, त्याने झालंय. पण लग्नात एका मामींनी कोपऱ्यात घेऊन विचारलंच, 'घेतेस काय गो?'

डॉक्टरांनी वजन, चालणं वगैरे सांगितलं आणि वर म्हणाले कॉफी चालत असेल तर प्या, बिनसाखरेची, दोन-तीन कप. मला वाटलं मस्करी करतायत. भाचा फार्मसीवाला आहे, त्याने समजावलं. ब्रिटनमध्ये जवळजवळ ५ लाख लोकांवर साधारण ११ वर्षं नजर ठेवली, २०२१ साली ते छापून आलं, कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचा जुनाट आजार २१ टक्के कमी आणि त्या आजाराने जाणारे ४९ टक्के कमी. दळलेल्या कॉफीचा आकडा सगळ्यात चांगला, पण इन्स्टंट आणि कॅफीन काढलेल्या कॉफीतही फरक दिसला, म्हणजे सगळी करामत एकट्या कॅफीनची नाही. त्याच्या आधी अमेरिकेत हेपेटायटिस सी ची (विषाणूने होणारी कावीळ), लिव्हर बरंच खराब झालेली ७६६ माणसं बघितलेली, त्यात दिवसाला ३ कप किंवा जास्त पिणाऱ्यांचा आजार पुढे सरकायचं प्रमाण निम्म्यावर. चहाचा काही फायदा दिसला नाही म्हणे. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. भाचा लगेच म्हणाला, मावशी, हे नुसतं बघितलेलं आहे, कॉफीनेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही. बरं बाबा.

मग मी मोठ्या उत्साहाने एका चकचकीत दुकानातून (कुठलं ते सांगत नाही) 'स्पेशल फिल्टर' पाकीट आणलं, दोन महिने प्याले, काय ते काळं दाट डिकॉक्शन, मला वाटायचं काय स्ट्राँग कॉफी आहे! एक दिवस चष्मा लावून मागचं बारीक वाचलं तर ४७ टक्के चिकोरी. ते कायद्याने चालतं, कॉफी ५१ टक्के असली की झालं, फक्त पाकिटावर लिहावं लागतं. चिकोरी वाईट नाही, एक मूळच आहे ते भाजलेलं, रंग आणि दाटपणा देतं, पण ती कॉफी नव्हे, कॅफीन तर त्यात नसतंच. म्हणजे मी कप मोजत होते तीन आणि पोटात कॉफी दीड कपाची. राग आला तो ह्याचा.

म्हणून ह्या बाबांचं कौतुक. पहिला प्रश्न, 'बाय, चिकोरी घालूं?' मी म्हटलं नाका, म्हणजे नको. दुसरा प्रश्न, कशात करतेस, फिल्टरात की टोपात उकळून? त्याप्रमाणे जाड-बारीक दळून देतात, तुमच्यासमोर. बिया चिकमगळूरकडच्या, अरेबिका आणि रोबस्टा वेगळी ठेवलेली, हवी तशी मिसळतात. रोबस्टात कॅफीन जवळजवळ दुप्पट, मी आधी अर्धी-अर्धी घेतली तर संध्याकाळी पाचच्या कपाने रात्री एकपर्यंत टक्क जागी! आता पाऊण अरेबिका आणि दुपारी दोननंतर बंद. सिरॉसिस झालेल्यांच्या, म्हणजे लिव्हर पार कडक होऊन बिघडलेल्यांच्या, अंगातून कॅफीन आणखी हळू उतरतं, त्यांनी तर डॉक्टरांना विचारूनच कप ठरवावेत. आणि मला कोलेस्टेरॉलही आहे म्हणून मी कागदी फिल्टरातून गाळते, उकळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल म्हणून एक तेलकट पदार्थ उतरतो, तो एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतो, कागदात बराचसा अडकतो. बाबांना कागद दाखवला तर हसले, पण पुढच्या वेळी न सांगता त्या मापाचं दळून ठेवलं.

बिनसाखरेची चव? पहिले पंधरा दिवस औषधच. आता चमचाभर दूध घालते आणि खरं सांगू, आवडते.

आमच्या ह्यांनी ह्यातून वेगळाच अर्थ काढला, उर्राकच्या (काजूची हलकी दारू) सीझनला म्हणे दोन ग्लास घेतो, वर तुझी कॉफी पितो, फिट्टंफाट. डॉक्टरांसमोर नेऊन उभं केलं तेव्हा गप्प झाले.

आठ महिन्यांत रक्तातलं एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की वाढतं ते) ७८ वरून ४६ वर आलं. पण वजन ६ किलो उतरलंय, संध्याकाळचे भजी-पाव बंद, रोज चालते, तेव्हा श्रेय कॉफीला देऊन मी खोटा रिव्ह्यू लिहिणार नाही.

आता तक्रार. पुडी साध्या कागदाची आणि वर रबर! जुलैत फोंड्याला पोचेपर्यंत पावडरीचा गोळा झालेला, वास अर्धा बसमध्येच गेला. सांगितलं तर म्हणाले डबा घेऊन ये. शिवाय एक ते चार दुकान बंद, मी दोनदा पायरीवर बसून काढलेत. पाव किलोला ३२० दिले, स्वस्त नाही, पण त्यात सगळी कॉफीच आहे.

शनिवारी परत जातेय, ह्या वेळी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आत्ताच पिशवीत टाकून ठेवलाय.