हँडलचा ट्रिमर की ड्रिलवरचा?

काडतुसं पुन्हा भरताना केसेस, म्हणजे त्यांची रिकामी पितळी कवचं, कापून मापात आणणाऱ्या या दोघांत अडकला असाल तर आधी सांगा, केसेस पन्नास की पाचशे?

हँडलच्या ट्रिमरला पायलट (केसच्या तोंडात बसून तिला सरळ धरणारी कांडी) बदलला की दुसरं कॅलिबर चालतं. पण पकडा, फिरवा, सोडा; शंभराव्या केसला मनगट बोलू लागतं.

ड्रिलवरचा काही सेकंदांत उरकतो. मात्र तो बहुधा केसच्या खांद्यावरून, म्हणजे मानेखालच्या उतारावरून, माप घेतो, त्यामुळे सायझिंग (केस डायमध्ये दाबून पुन्हा आकारात आणणं) कमी-जास्त झालं की लांबीही हलते. शिवाय अनेकदा कॅलिबरगणिक वेगळा घ्यावा लागतो, खर्च तिथे वाढतो.

.३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसाच्या केसची कमाल लांबी ५१.१८ मिमी. त्यापुढे मान चेंबरमध्ये (बंदुकीतली काडतूस बसण्याची जागा) दाबली जाऊन दाब धोकादायक वाढू शकतो. म्हणून लांबी मोजायला कॅलिपर दोन्हीकडे हवाच, आणि तोंडाची बर (कापल्यावर उरलेली धारदार कड) काढणंही कुणाला चुकत नाही.

थोड्या, निरनिराळ्या केसेसना हँडलवाला; एकाच कॅलिबरचा ढीग असेल तर ड्रिलवाला.